स्पितीला बाइकवरून जायचंय? सीसी किती ते नंतर बघू, सुट्टी किती आहे ते आधी सांगा

मे महिना लागला की पुण्या-मुंबईच्या रायडर ग्रुपवर एक प्रश्न हमखास फिरायला लागतो : स्पितीसाठी कुठली बाइक बरी? मग उत्तरांचा पाऊस पडतो. कुणी साडेचारशे सीसीशिवाय घराबाहेर पडू नका म्हणतं, कुणी जुन्या बुलेटच्या आणाभाका घेतं, कुणी टायरच्या नक्षीवर पोचतं. दोनशे मेसेज होतात, जॅकेट आणि सॅडलबॅगच्या लिंका येतात, तारखाही ठरतात. पण पहिल्या रात्री समुद्रसपाटीपासून किती उंचीवर झोपणार, हे त्या दोनशे मेसेजांत क्वचितच कुणी विचारतं.

स्पितीची सहल बिघडते ती बहुतेक वेळा याच उत्तरावरून. म्हणून बाइकचा विषय थोडा मागे ठेवू आणि आधी रस्ता, उंची आणि दिवस यांचा हिशेब मांडू.

रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

हिमाचल प्रदेशातल्या या फेरीला रायडर लोक 'स्पिती सर्किट' म्हणतात. सिमल्याहून निघायचं, नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो करत काझाला पोचायचं आणि मग कुंझुम खिंड ओलांडून ग्रांफू, अटल बोगदा, मनाली. सिमला ते काझा साधारण ४२० किलोमीटर, काझा ते मनाली जवळपास २००. आजूबाजूची गावं धरली तर साडेसातशेच्या घरात जातं.

साडेसातशे किलोमीटर म्हणजे पुण्याहून निघून गोवा करून परत येण्यापेक्षा कमी. आपल्याकडचा माणूस ते अंतर दोन दिवसांत कापतो, आणि घोळ इथेच सुरू होतो. या फेरीत ताशी ४० ची सरासरी म्हणजे चैन. ग्रांफू ते बातल या सुमारे ५० किलोमीटरच्या पट्ट्यात तीन-चार तास सहज जातात. तिथे रस्ता म्हणजे नदीपात्राशेजारून गेलेली गोट्यांची वाट आहे. गंमत म्हणजे खाबपासून ग्रांफूपर्यंतचा हा सगळा मार्ग कागदावर राष्ट्रीय महामार्ग आहे, क्रमांक ५०५. मॅपवरची जाड पिवळी रेघ बघून वेळेचा अंदाज बांधणारे पहिल्याच दिवशी फसतात.

कळसूबाईपेक्षा उंच म्हणजे किती उंच?

सह्याद्रीत घाट चढलो की घाटमाथा येतो, आणि विषय संपतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च टोक असलेलं कळसूबाई १,६४६ मीटर. सिमला शहरच २,२०० मीटरवर आहे. म्हणजे आपली सगळ्यात उंच जागा जिथे संपते, त्याच्या बरंच वर ही सहल सुरू होते. कुंझुम खिंड ४,५५१ मीटरवर आहे.

एवढ्या उंचीवर हवेतला ऑक्सिजन 'संपतो' असं आपण म्हणतो, ते तितकंसं बरोबर नाही. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. कुंझुमवर तो समुद्रसपाटीच्या ५७ टक्क्यांच्या आसपास असतो. एका श्वासात छातीत तेवढीच हवा येते, पण ती विरळ असते. त्यामुळे मुंबईत जेवढा ऑक्सिजन मिळाला असता त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त मिळतो.

शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला वेळ लागतो. श्वासाचा वेग वाढतो, मूत्रपिंडं रक्तातलं रासायनिक संतुलन सावरतात, आणि हे सगळं तासांत नाही, दिवसांत होतं. म्हणून गिर्यारोहणाच्या वैद्यकशास्त्रातला सर्वमान्य नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. दिवसा फिरताना यापेक्षा वर गेलं तरी चालतं. मोजायची ती झोपेची उंची, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि ऑक्सिजन आणखी उतरतो.

तरुण, जिमला जाणारा, मॅरेथॉन धावणारा असला तरी हा नियम बदलत नाही. उलट धडधाकट माणूस डोकेदुखी अंगावर काढतो आणि जास्त अडचणीत येतो.

मग मनालीकडून चढण्यात काय वाईट?

आता दोन्ही बाजूंचा हिशेब लावून बघा.

मनाली साधारण २,०५० मीटरवर. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग चढायची गरज उरलेली नाही. सकाळी मनालीत चहा घेऊन निघालेला रायडर तासाभरात बोगद्याच्या पलीकडे असतो आणि संध्याकाळपर्यंत चंद्रतालच्या तंबूत. चंद्रताल सुमारे ४,२५० मीटरवर. एका दिवसात झोपेची उंची २,२०० मीटरने वाढली. काझापर्यंत दामटली तरी, मध्ये कुंझुम ओलांडून, वाढ साडेसोळाशेच्या आसपास. नियम ५०० चा आहे.

आता किन्नौरची बाजू. पहिली रात्र नारकंडा, सुमारे २,७०० मीटर. दुसरी कल्पा, २,९६०. तिसरी ताबो, ३,२८०. चौथी काझा, ३,७०० च्या आसपास. पुढे हवं तर चंद्रताल, ४,२५०. टप्पे बघा : अडीचशे, सव्वातीनशे, सव्वाचारशे, साडेपाचशे. कुणी डॉक्टरने बसून आखून दिल्यासारखा जिना आहे. मध्ये नाकोच्या वर साडेतीन हजार मीटर ओलांडून रस्ता पुन्हा ताबोकडे उतरतो, म्हणजे दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपणंही आपोआप साधतं.

अडचण एकच. किन्नौरकडून काझाला जायला निदान चार दिवस लागतात आणि मनालीकडून एक. सोमवारी ऑफिसला हजर व्हायचं असेल तर माणूस कुठला रस्ता धरेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि चंद्रतालबद्दल आणखी एक गोष्ट, जी फोटोत दिसत नाही. रात्री तिथे कुणाची तब्येत बिघडली तर उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. पण उतरायचं कुठे? काझाच्या सरकारी रुग्णालयाकडे जायचं तर आधी ४,५५१ मीटरची कुंझुम चढावी लागते. मनालीकडे जायचं तर बातलपर्यंतची अरुंद कच्ची वाट आणि पुढे तो ५० किलोमीटरचा गोट्यांचा पट्टा, तोही अंधारात आणि मोबाइलला रेंज नसताना. म्हणजे आजारी माणसाला एका बाजूने आणखी वर न्यायचं, नाहीतर दुसऱ्या बाजूने रात्रभर हाडं खिळखिळी करायची. पहिल्याच रात्री चंद्रतालला मुक्काम ठेवणारी टूर कुणी विकत असेल तर ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लक्षणं कशी ओळखायची?

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवात. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. त्याच जागी थांबायचं, पाणी प्यायचं, आणि संध्याकाळच्या 'सेलिब्रेशन'ला चाट द्यायची. दारूने झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

बसल्या जागी धाप लागणं, खोकला वाढत जाणं, दारू न पिता चालताना झोकांड्या जाणं, बोलण्यात असंबद्धपणा येणं ही मात्र फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू लागल्याची खूण असू शकते. इथे 'सकाळी बघू' नको. त्याच क्षणी खाली उतरायचं आणि त्या माणसाला हँडलवर बसवायचं नाही. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे दुकानात डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, प्रतिबंध म्हणून वापरतात, पण ती निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारून. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. गोळी सवय व्हायला मदत करते. ती घेतली म्हणून मनालीहून एका दिवसात चंद्रताल गाठायची मुभा मिळत नाही.

इंजिनालाही धाप लागते का?

लागते, आणि त्याच कारणाने. पेट्रोल जाळायला ऑक्सिजन लागतो आणि सिलिंडर प्रत्येक फेऱ्यात ठरावीक घनफळाचीच हवा ओढतो. कुंझुमच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के उरते. त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते. घरी १४ हॉर्सपॉवर देणारी दीडशे सीसीची गाडी तिथे जेमतेम नऊच्या आसपास येते.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना दुहेरी त्रास. कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचं फारसं कळत नाही, तो पेट्रोल जवळपास पूर्वीसारखंच सोडतो. मिश्रण 'रिच' होतं, सायलेन्सरमधून काळा धूर, प्लग काळा, गाडी गुदमरते. फ्युएल इंजेक्शनमध्ये सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि पेट्रोल त्या हिशेबाने कमी करतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकली जवळपास सगळ्याच इंजेक्शनवर आल्या. त्यामुळे धुराचा त्रास गेला. गेलेली ताकद मात्र सेन्सर परत आणू शकत नाही, हवाच कमी आहे म्हटल्यावर तो तरी काय करणार?

तरीही दीडशे सीसीची गाडी कुंझुम चढते. पहिल्या गिअरमध्ये, हळू, पण चढते. काझाच्या बाजारात स्थानिक लोकांच्या छोट्या बाइक आणि स्कूटर उभ्या असतात, त्या काही शोभेला नसतात. मागे जोडीदार आणि दोन बॅगा असतील तर अडीचशेच्या वरची गाडी आरामाची. एकटा माणूस, आवरतं सामान आणि नीट देखभाल केलेली छोटी गाडी असेल तर सीसीवरून रद्द करावी अशी ही सहल नाही.

गाडी बिघडते ती बहुधा ताकदीमुळे नाही, क्लचमुळे. तीव्र चढावर हाफ क्लचवर रेटत राहिलं की प्लेट जळते. सुटी क्लच वायर, ब्रेकचा लिव्हर आणि पंक्चर किट जवळ ठेवाच, कारण ताबो ते काझा या पट्ट्याबाहेर मिस्त्री मिळेलच असं नाही.

उताराचं तर कुणी बोलतच नाही. नारकंड्याहून रस्ता सतलजच्या काठी रामपूरला उतरतो तेव्हा उंची जवळपास १,७०० मीटरने कमी होते. म्हणजे अख्ख्या कळसूबाईपेक्षा जास्त. गाडी, माणूस आणि सामान मिळून २९० किलो धरले तर एवढ्या उतारात सुमारे १.३ युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दोन किलोवॉटचा गिझर ४० मिनिटं चालवण्याइतकी ही उष्णता आहे. ती सगळी ब्रेकच्या चकतीत ओतली तर ब्रेक ऑइल उकळून लिव्हर पोकळ लागायला लागतो. म्हणून जो गिअर चढताना लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि इंजिनाला ब्रेकचं काम करू द्यायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे वीर आपल्या घाटातही दिसतात. तिथे ती सवय घरी ठेवून जावी.

सगळे पहाटे का निघतात?

बातल-ग्रांफू पट्ट्यात रस्त्यावरून आडवे वाहणारे नाले लागतात. हे पावसाचे नाहीत, वरच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी आहे. ऊन चढलं की बर्फ वितळायला लागतं आणि ते पाणी रस्त्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून सकाळी आठला घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीनला गुडघ्याच्या वर जातो. रात्री थंडीने वितळणं थांबलं की पहाटे पुन्हा ओसरतो. नाल्याचं हे वेळापत्रक तुमच्या हॉटेलच्या चेक-आउटपेक्षा पक्कं असतं. काझाहून मनालीला जाणारे उजाडायच्या आत निघतात ते यासाठी.

नाल्यापाशी पोचल्यावर लगेच गाडी घालू नये. समोरून एखादी गाडी येऊ द्यावी, तिची चाकं किती बुडतात ते बघावं. मग पहिला गिअर, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर, नजर पलीकडच्या काठावर. मध्येच क्लच दाबला की गाडी बंद पडायचा धोका. इंजिन चालू असेल तोवर सायलेन्सर पाण्यात गेला तरी घाबरायचं कारण नाही, आतून येणारा वायू पाणी बाहेर ढकलत राहतो. पण गाडी खोल पाण्यात पडून बंद झाली तर जागेवर सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, प्लग काढून पाणी झटका, मग बघा.

दरडी कुठे आणि का कोसळतात?

किन्नौरमध्ये सतलजने खडकात खोल, उभी घळ कापली आहे आणि रस्ता त्या भिंतीत खोदून काढलाय. काही ठिकाणी तर डोक्यावर खडकाचं छत आणि एका बाजूला थेट नदी. हिवाळ्यात खडकांच्या भेगांत शिरलेलं पाणी गोठून फुगतं, भेग रुंदावते, उन्हाळ्यात सुटते. त्यात पाऊस, रस्तारुंदीचे सुरुंग आणि खोऱ्यात झालेली मोठी जलविद्युत कामं. नाथपा झाकडीचा १,५०० मेगावॉटचा आणि कडछम वांगतूचा १,००० मेगावॉटचा प्रकल्प याच रस्त्यावर लागतो. नव्या प्रकल्पांना किन्नौरच्या गावांचा विरोध का आहे, हे या रस्त्यावरून जाताना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

२५ जुलै २०२१ ला सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ डोंगरावरून सुटलेल्या शिळा पर्यटकांच्या वाहनावर आदळल्या, नऊ जणांचा मृत्यू झाला. पुलाचे तुकडे होतानाचा तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. त्यानंतर तीनच आठवड्यांत, ११ ऑगस्टला, निगुलसरीपाशी दरडीखाली एसटीसारखी सरकारी बस आणि इतर वाहनं सापडली. २८ जण गेले.

दोन्ही घटना पावसाळ्यातल्या. खुद्द स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस जेमतेम पडतो, म्हणून 'जुलै-ऑगस्टमध्येही चालतं' असं सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. स्पिती कोरडं असलं तरी तिथे पोचायचे दोन्ही रस्ते, किन्नौरचा आणि मनालीचा, पावसाच्या पट्ट्यातून जातात.

जुलै २०२३ मध्ये याचाच प्रत्यय आला. ८ जुलैपासूनच्या अतिवृष्टीत बियास नदीने कुल्लू-मनालीचे रस्ते ठिकठिकाणी खाऊन टाकले आणि वर कुंझुम-चंद्रताल भागात भर जुलैत बर्फ पडलं. चंद्रतालच्या तंबूंत अडीचशेहून जास्त माणसं अडकली. दोन्ही बाजू बंद. शेवटी कुंझुमवरचं बर्फ यंत्रांनी कापत पथकं तिथवर पोचली आणि १३ जुलैला लोकांना लोसरच्या बाजूने बाहेर काढलं. त्यांच्यातल्या कुणाची गाडी किती सीसीची होती, याला त्या चार-पाच दिवसांत काडीचाही अर्थ नव्हता.

'शूटिंग स्टोन्स' असा फलक दिसला की तिथे फोटोला थांबायचं नाही. वर बघत, न रेंगाळता पार व्हायचं. समोरून बस आली तर डोंगराच्या बाजूला थांबा, दरीच्या नाही, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. बसचालक रोज जातात. त्यांनी हाताने खूण केली तर वाद न घालता ऐकावं.

मग नऊ दिवसांत बसवायचं कसं?

आयटीवाल्याचं ठरलेलं गणित असतं : दोन शनिवार-रविवार आणि मधले पाच दिवस रजा. एकूण नऊ. त्यात सर्किट पूर्ण, चंद्रताल, चितकुल, पिन खोरं, सगळं हवं असतं.

बसत नाही. करून बघा. पहिल्या दिवशी विमानाने चंडीगड आणि गाडी ताब्यात घेणं. दुसऱ्या दिवशी नारकंडा, तिसऱ्या दिवशी कल्पा, चौथ्या दिवशी ताबो, पाचव्या दिवशी काझा. सहावा दिवस काझात राहून की, किब्बर, लांग्झा, कॉमिक. सातव्या दिवशी चंद्रताल, आठव्या दिवशी मनाली, नवव्या दिवशी चंडीगड आणि रात्रीचं विमान. वाचायला छान आहे, पण यात एकही रिकामा दिवस नाही. एक दरड, एक ताप, एक तुटलेली चेन, आणि सोमवारची मीटिंग गेली. मग सातव्या दिवशी नाला फुगलेला असताना 'जाऊ दे, घालू या' हा निर्णय घेतला जातो, तो याच धास्तीतून.

काहीतरी सोडावं लागणार. बहुतेक जण ताबोचा मुक्काम सोडतात, 'तिथे बघण्यासारखं काय आहे' म्हणून कल्प्याहून थेट काझा गाठतात. माझ्या मते सोडावा तो चंद्रतालचा मुक्काम. सातव्या दिवशी पहाटे काझा सोडून, कुंझुमवर दहा मिनिटं थांबून, संध्याकाळपर्यंत मनाली. आठवा दिवस रिकामा. काही बिघडलं नाही तर मनालीत आराम, बिघडलं तर तो कामी आला. चंद्रतालसाठी दहावा किंवा अकरावा दिवस मिळत असेल तर जरूर जा. २००५ पासून ते रामसर यादीतलं पाणस्थळ आहे, काठावर तंबू टाकायला बंदी आहे, तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात.

आणि ताबोत बघण्यासारखं काय आहे? इसवी सन ९९६ मध्ये बांधलेला मातीच्या भिंतींचा मठ, आजही वापरात असलेला. बाहेरून बघितलं तर खेड्यातलं जुनं धान्याचं कोठार वाटावं. आत अंधार, आणि डोळे सरावले की भिंतीभर हजार वर्षांपूर्वीची चित्रं उमलायला लागतात. त्याला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात. आतमध्ये फोटो काढता येत नाहीत, त्यामुळे रीलवाल्यांनी सोडलेलं हे ठिकाण आहे. एक तास शांत बसावं. उंचीची सवय व्हायलाही तेच हवं असतं.

ताबोच्या अलीकडे सुमदोच्या पुढे ग्यू गावाकडे फाटा जातो. १९७५ च्या भूकंपानंतर तिथे बसलेल्या स्थितीतली, कोरड्या थंड हवेत टिकून राहिलेली एका भिक्षूची ममी सापडली. याच गावात मोबाइलची रेंज एप्रिल २०२४ मध्ये पहिल्यांदा आली. कोकणातल्या वाडीत फोरजी नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांसाठी एवढंच.

पेट्रोल, पैसे, रेंज

रेकाँग पिओनंतर भरवशाचा पंप थेट काझाला, सुमारे २०० किलोमीटरवर. काझानंतर मनालीपर्यंत पुन्हा २००. तेरा-पंधरा लिटरची टाकी असेल तर दोन्हीकडे पूर्ण भरून निघालं की जास्तीच्या कॅनची गरज पडत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मायलेज घसरतं एवढं ध्यानात ठेवा.

रोकड जवळ ठेवा. काझात एटीएम आहे, पण त्यात पैसे असण्याची हमी नाही, आणि रेंज गेली की क्यूआर कोड नुसताच भिंतीवरचा कागद असतो. लोसर सोडल्यापासून ग्रांफूपर्यंत नेटवर्क नाही असं धरूनच चाला. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की अमुक दिवशी फोन लागणार नाही, नाहीतर आई सगळ्या मित्रांना फोन लावत बसते.

भारतीयांना या मार्गासाठी इनर लाइन परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र तपासनाक्यावर दाखवावं लागतं. परदेशी मित्र बरोबर असेल तर त्याला परवाना लागतो, तो रेकाँग पिओत मिळतो.

गाडी घरची न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

सुट्टी दोन आठवड्यांची असेल तर घरची. रेल्वेने पाठवताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसीची प्रत द्यावी लागते आणि स्टेशनबाहेरचे पॅकिंगवाले गोणपाटात गाडी बांधून देतात. तुमच्याच गाडीने जायची असेल तर 'लगेज', नाहीतर 'पार्सल'. पार्सल कधी पोचेल हे ठामपणे कुणीच सांगत नाही, म्हणून निदान आठवडाभर आधी पाठवा. नऊ दिवसांच्या गड्याने भाड्याची घ्यावी. घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना ते बघावं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं कायदेशीर नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. ब्रेक पॅड, चेन आणि दोन्ही टायर स्वतः तपासा, सगळ्या ओरखड्यांचे फोटो मालकासमोर काढा.

तारीख कोणती धरावी?

किन्नौरकडून काझापर्यंतचा रस्ता जवळपास वर्षभर चालू ठेवायचा प्रयत्न होतो. कुंझुम मात्र साधारण जून ते ऑक्टोबर एवढीच खुली असते आणि उघडण्याची तारीख त्या वर्षीच्या बर्फावर ठरते. मेच्या सुट्टीत पूर्ण सर्किटचा बेत आखू नये. खिंड बंद असली तर काझाहून आल्या वाटेने परत फिरावं लागतं आणि दोन दिवस वाढतात. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि नाले जोरात. जुलै-ऑगस्टबद्दल वर लिहिलंच आहे.

उरतो सप्टेंबर, त्यातही दुसरा पंधरवडा. पाऊस मागे फिरलेला, नाले उतरलेले, आकाश धुतलेलं. काझात पहाटे बाइकच्या सीटवर पांढरं दव गोठलेलं असतं आणि हातमोज्यांच्या आत आणखी एक जोडी लागते. किन्नौरमध्ये सफरचंदं उतरवायचे हे दिवस असतात. पेट्या भरलेले ट्रक वळणावळणावर समोर येतात, तेव्हा हॉर्न वाजवतच वळा. बागेबाहेर कुणी विकायला बसलं असेल तर दोन किलो घ्या. झाडावरचं मात्र विचारल्याशिवाय तोडू नका, तिथल्या लोकांचं वर्षाचं उत्पन्न त्या महिन्याभरात ठरतं.